भांडण्यापुरता शेजार

कापसाचे दिवस फिरले त्या वर्षांत आमच्या यवतमाळ जिल्ह्यात दोनच पिकं जोमात होती, समित्या आणि समुपदेशन. दिल्लीहून माणसं यायची, मुंबईहून यायची, पांढऱ्या गाड्यांतून उतरून धुळीत उभी राहायची आणि विचारायची, "तुम्हाला कसं वाटतं?" लोक आधी बावरायचे, कारण हे त्यांना उभ्या आयुष्यात कोणी विचारलं नव्हतं. पुढे सराव झाला. गाडी दिसली की धुतलेलं लुगडं नेसून बायका ओट्यावर यायच्या आणि प्रश्नाची वाट न बघता सांगून टाकायच्या, "वाईट वाटते जी."

मी त्याच पिकातली. समाजकार्याची पदवी घेऊन घरी बसले होते, तेवढ्यात एका संस्थेला लोकांच्या मनावर काम करायला पैसा मिळाला आणि मला नोकरी मिळाली. माझी आई यवतमाळजवळच्या आमच्या लोहाऱ्यातल्या बायकांना अभिमानानं सांगायची, "पोरगी बोलायच्या नोकरीवर लागली." खरं तर ती ऐकायची नोकरी होती, पण ऐकायला पगार मिळतो यावर आईचा विश्वास बसला नसता. ती जन्मभर फुकट ऐकत आली होती.

संस्थेचं काम पुसदपासून झरी जामणीपर्यंत पसरलं होतं. माझ्या वाट्याला आलं एक उठवलेलं गाव. कापसाला पाणी मिळावं म्हणून धरण झालं आणि धरणासाठी कापूस पिकवणारं एक अख्खं गाव उठवलं. गावं वाचवायला गाव बुडवायचं, हा हिशेब मला कधी नीट कळला नाही, पण गणितात मी पहिल्यापासून कच्ची. आमच्या मोठ्या मॅडम या लोकांना निर्वासित म्हणायच्या. त्या परदेशात छावण्यांमधून हिंडून आल्या होत्या आणि तिथल्या निर्वासितांसाठी तयार झालेली पद्धत त्यांनी आम्हाला शिकवली होती. ती पद्धत मी पहिल्याच बैठकीत वापरली. बायकांना म्हटलं, डोळे मिटा, लांब श्वास घ्या, आणि जिथं तुम्हाला अगदी सुरक्षित वाटतं अशा जागी मनानं जाऊन बसा. त्यांनी डोळे मिटले आणि सगळ्याजणी जुन्या गावात गेल्या. अर्ध्या रडत परत आल्या, बाकीच्यांनी डोळे उघडायचंच नाकारलं. त्या दिवशी घरी जाताना मला स्वतःलाच लांब श्वास घ्यावा लागला.

नवं गाव माळावर वसवलं होतं. सरळ रस्ते, सरळ नाल्या, चौकोनी प्लॉट. जुन्या गावात कोणाकडे जायचं तर दोन ओटे, एक गोठा आणि एखाद्याची न्हाणी ओलांडून जावं लागे. इथं नाकासमोर चाललं की झालं, आणि लोक नेमके त्यामुळेच चुकायचे. सगळी घरं सारखी, म्हणून कोणी भलत्याच्याच घरात शिरून चहा मागायचा. तो चहा मिळायचाही, हे सांगितलं पाहिजे.

प्लॉट चिठ्ठ्या टाकून वाटले होते. जुन्या गावात वरच्या अंगाला पाटील, मध्ये कुणबी, माळी, तेली, आणि नाल्यापलीकडे आमची, म्हणजे बौद्धांची वस्ती. मी त्या गावची नव्हे, पण 'आमची' म्हणते, कारण नाल्यापलीकडचं घर म्हणजे काय हे मला सांगावं लागत नाही. आमच्याकडे दीक्षा आजोबांच्या वेळची. तर चिठ्ठीला जात कळत नाही. सरकारनं आमच्या भागात केलेलं हे समतेचं एकमेव काम, आणि तेही चुकून. पाटलांच्या बाजूला बौद्धाचं घर आलं, माळ्याच्या बाजूला तेल्याचं, आणि सगळं गाव एकदिलानं नाराज झालं. मला मात्र आतून गुदगुल्या होत होत्या. नोकरीत तटस्थ राहायला शिकवलं होतं, म्हणून मी त्या तटस्थपणे होऊ दिल्या.

पाटलांच्या बाजूचं घर ज्याला लागलं तो एसटीत कंडक्टर होता. नाल्यापलीकडून थेट पहिल्या गल्लीत आला, म्हणून त्याची मान ताठ झाली होती. घरी बायको आणि म्हातारी आई. त्यानं घराला रंग दिला, दारात तुळतुळीत फरशी बसवली, आणि राहायला आल्या दिवशीच आईला बजावलं, "माय, इथं तोंड सांभाळून राहा. बाजूले पाटलाचं घर हाय. आपल्या घरातून एकबी वावगा आवाज बाहेर गेला नाई पाहिजे. लोकं म्हनतीन, पाहा, यायले पहिल्या गल्लीत बसवलं तरी यायची आदत नाई गेली."

ही म्हातारी जुन्या गावात तोंडासाठी प्रसिद्ध होती. म्हणे, ती अंगणातून ओरडली की शेतातली माणसं निमूट घरी जेवायला यायची. अशा बाईनं मुलाचं ऐकलं. तोंड सांभाळून ठेवलं ते ठेवलंच. आधी शिव्या बंद झाल्या, मग बोलणं बंद झालं, मग जेवण.

मला ते कळलं तिच्या सुनेकडून. ती एक दिवस बैठक संपल्यावर मागे रेंगाळली आणि पदराशी चाळा करत म्हणाली, "ताई, आमची बुढी माह्याशी भांडूनच नाई राह्यली."

मला वाटलं, ही आनंदाची बातमी सांगते आहे. मी तसं हसलेही. तर तिच्या डोळ्यांत पाणी.

"भाकर जाड झाली तरी काई म्हनत नाई. काल मुद्दाम भाजीत मीठ नाई टाकलं. तशीच दोन घास खाल्ली न् उठली. मले भेव वाटते."

मी गेले तर म्हातारी मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसलेली. बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत सरकत होत्या. मी हात हातात घेतला, नाव सांगितलं, कसं वाटतं विचारलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा भिंतीकडे पाहिलं. भिंत तिला जास्त ओळखीची वाटली असावी.

यवतमाळला डॉक्टरांना दाखवलं. ते चांगले निघाले. गोळ्या दिल्या, मुलाला नीट समजावलं, आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "गोळीनं झोप लागेल. भूकही थोडी लागेल. पण हिला कोणाशी तरी बोलतं करा. ते काम गोळीचं नाही, तुमचं. अशीच राहिली तर उन्हाळा काढायची नाही." मी "हो" म्हटलं आणि परतीच्या बसमध्ये त्या 'हो'चा अर्थ मला कळला. तोवर माझ्या कामात कोणी जगलं-मेलं नव्हतं. फक्त 'सहभागी' झालं होतं.

मी तिच्या शेजाऱ्यांची चौकशी केली. शेजार असा की दृष्ट लागावी. एका बाजूला पाटलीणबाई. त्या कुंपणापाशी येऊन विचारायच्या, "काही लागलं तर सांगा हो, संकोच करू नका." जुन्या गावात त्यांनी या म्हातारीला कधी अहो-जाहो केलं नव्हतं, तिथं त्या "काय वं" म्हणायच्या आणि म्हातारी "जी पाटलीणबाई" म्हणायची. इथं कुंपणाला कुंपण लागलं तशा त्याही जपून बोलायला लागल्या होत्या. ताक पाठवायच्या, पण मोलकरणीच्या हातून. दुसऱ्या बाजूला एक शेतकरी कुटुंब, तेही असंच गोड. कोणी कोणाच्या अध्यात ना मध्यात. मी अहवालात 'शेजाऱ्यांचा चांगला आधार' असं लिहिलं आणि मोठ्या मॅडमनी त्याखाली रेघ ओढली.

खरी गोष्ट मला शेवटच्या गल्लीत सापडली, आणि तीही मी शोधत नव्हते तेव्हा. तिथं एका ओट्यावर दुसरी एक म्हातारी बसलेली असायची, तीही नाल्यापलीकडचीच. मी तिच्यासमोरून चालले होते. तिनं हटकलं.

"तू कंडक्टरच्या घरी जाते न वं?"

"हो आजी."

"मेली का थे?"

मी दचकले. "कोण?"

"थे सटवी. त्याची माय. मेली असन तं सांग, मातीले यीन म्हनतो. नाई मेली असन तं तिले सांगजो, माह्या कोंबडीचा पाय तिनंच मोडला. मी इसरली नाई म्हना."

मग मला सगळं कळलं, कारण ती सांगायला उतावीळच होती. जुन्या गावात या दोघींच्या घरांत एकच भिंत. नात्यानं लांबच्या जावा. लग्न होऊन आल्या तेव्हापासून रोज भांडत. कारणं बदलत गेली, वेळ तीच राहिली. भिंत कोणाची, निंबाचा पाला कोणी झाडायचा, कोणाच्या पोरानं कोणाच्या पोराला खोकला लावला. सकाळी भाकरी थापताना सुरू करायच्या आणि कामाला जायची वेळ झाली की जिथं असेल तिथं सोडायच्या. मग मजुरीला एकाच तासात, म्हणजे पिकाच्या एकाच ओळीत, निंदायला बसायच्या, कारण बोलायचं राहिलेलं असायचं. चिठ्ठीनं एकीला पहिल्या गल्लीत टाकलं आणि दुसरीला शेवटच्या. हिच्याही घशाला कोरड पडली होती, पण हिला निदान येणाऱ्या-जाणाऱ्याला हटकायची मोकळीक होती.

मी तशीच उलट्या पावली कंडक्टरच्या घरी गेले. भिंतीकडे बघणाऱ्या म्हातारीजवळ बसले आणि आमच्या प्रशिक्षणात शिकवलं होतं तसं, दुसऱ्याच्या भावना सौम्य शब्दांत मांडून सांगितल्या. म्हटलं, "आजी, तुमच्या जुन्या शेजारीण भेटल्या. कोंबडीच्या पायाबद्दल त्यांच्या मनात अजून थोडं दुःख आहे."

म्हातारीची मान वळली. किती तरी दिवसांनी तिनं तोंड उघडलं.

"असं नाई म्हनली थे."

"म्हणजे तसंच काहीसं..."

"थे असं मिळमिळीत बोलत नाई. काय म्हनली सांग. बराबर सांग."

मी इकडेतिकडे पाहिलं, आवाज खाली आणला आणि सटवीसकट सगळं सांगितलं. म्हातारीनं डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाली, "तिले सांगजो, कोंबडी जन्माची लंगडी होती. मालकिनीवानी." आणि सुनेला हाक मारून भाकरी मागितली. अर्धीच खाल्ली, पण भाजीत मीठ जास्त आहे असं म्हणाली. सून स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडाला लावून रडली.

त्यानंतर काही आठवडे मी गावात एकच काम केलं. पहिल्या गल्लीतून शिव्या घेऊन शेवटच्या गल्लीत जायचं आणि शेवटच्या गल्लीतून नव्या घेऊन पहिल्या गल्लीत यायचं. समाजकार्याच्या पदवीचा असा उपयोग होईल असं मला शिकवणाऱ्यांना वाटलं नसेल. पण म्हातारी भिंतीकडे पाठ करून बसायला लागली, हे मी माझ्या डोळ्यांनी बघत होते. अडचण एवढीच, की मी गेले की दोन दिवस बरे जायचे आणि माझी फेरी चुकली की पुन्हा घास खाली उतरत नसे. शिवी शिळी झाली की तिची चव जाते, असं सून म्हणायची.

हे मी मोठ्या मॅडमना सांगितलं. सांगायला नको होतं. त्यांचे डोळे चमकले. "म्हणजे मुळाशी जुना संघर्ष आहे. आपण समेट घडवून आणू." आणि आणला. समाजमंदिरात सतरंजी अंथरली, दोन्ही म्हाताऱ्यांना आणलं, बाहेरचे पाहुणे बोलावले. मॅडमनी इतक्या गोड आवाजात क्षमेबद्दल सांगितलं की पाहुण्यांना भरून आलं. दोघींनी एकमेकींना साखर भरवली आणि फोटो निघाला. दोघींचे चेहरे त्यात असे आहेत, जशी दोघींची दावणीची गाय एकाच दिवशी विकली गेली.

पाहुण्यांच्या समोर, पुन्हा भांडणार नाही असा शब्द दिला होता, आणि या बायका शब्दाच्या पक्क्या. आता भांडणार कशा? मी नेहमीसारखी शेवटच्या गल्लीत गेले तर दुसरी म्हातारी म्हणाली, "काई नाई सांगायचं. तिले म्हना, सुखी राहा." मी हा निरोप पोचवला. पहिल्या गल्लीतली म्हातारी पुन्हा भिंतीकडे वळून बसली आणि तिनं ताट सरकवून दिलं. संस्थेच्या त्या वर्षीच्या पुस्तिकेवर त्या समेटाचाच फोटो होता.

मला इतका राग आला होता की मी राजीनामा लिहायला घेतला. तो सुनेनं थांबवला, तिला न कळत. ती भांडी घासता घासता सहज म्हणाली, "त्या बुढीलेच इकडं आना न ताई बाजूले. समोर दिसली तं या दोघी किती दिवस शबूद पाळतीन?"

बाजूचं शेतकरी कुटुंब तसंही नाखूशच होतं. त्यांचे दोघे भाऊ शेवटच्या गल्लीत होते आणि हे इथं एकटे. अदलाबदल केली तर दोन्हीकडचं भलं होत होतं. अडला तो कंडक्टर.

"ताई, तुमी शिकलेल्या," तो म्हणाला. "तुमीच सांगा. या दोघीयची भांडनं पाटलाच्या दारात? आमी इथं आलो तवापासून लोकं कान लावून बसले हायेत. एकदा का आमच्या घरातून शिवी आयकू आली, की झालं. पाटलाच्या घरी भांडन झालं तं त्याले भांडन म्हनतात. आमच्या घरी झालं तं त्याले जात म्हनतात."

हे मला नवं नव्हतं. कारण आमच्याच घरात, लोहाऱ्याला क्वार्टरमध्ये राहायला गेलो तेव्हा, कोणाचा आवाज चढला की बाबा आधी उठून खिडकी लावायचे आणि मग रागवायचे. आई म्हणायची, आपल्या घराला दोन दारं आहेत आणि सगळ्या खिडक्या बंद. मी त्या बंद खिडक्यांत वाढले, शिकले, आणि मऊ बोलायची नोकरी मिळवली.  कंडक्टर खोटं बोलत नव्हता. पण आत त्याची आई हाडांचा सापळा होत चालली होती, आणि मला त्या अब्रूचा मनापासून राग आला, त्याच्या आणि माझ्याही.

शेवटी मी म्हटलं, "दादा, डॉक्टर काय म्हणाले ते आठवतं ना? तुम्हाला पहिल्या गल्लीत गप्प आई पाहिजे, का नुसती आई पाहिजे, तेवढं ठरवा."

त्यानं बराच वेळ तिकिटाच्या पेटीचा पट्टा बोटावर गुंडाळला आणि सोडला. मग अटी घातल्या. भांडायचं तर मागच्या अंगणात, हळू आवाजात, आणि पाटील घरी नसताना.

पुनर्वसन कार्यालयातल्या साहेबांनी विचारलं, अदलाबदलीचं कारण काय. मी म्हटलं, नातेवाईक एकमेकांजवळ राहू इच्छितात. ते प्रसन्न झाले. म्हणाले, असं प्रेम आता कुठं बघायला मिळतं. मी खोटं बोलले नव्हते. दुसऱ्या म्हातारीला जाऊन सांगितलं तर ती फणकारली, "मी कायले जाऊ तिच्या उरावर बसाले? मले काई कमी हाय का अथी?" मग जरा थांबून म्हणाली, "कधी जाचं हाय?"

सामान आलं त्या दिवशी दोघी एकमेकींकडे बघेनात. साखर अजून आडवी येत होती. संध्याकाळी नव्या शेजारणीनं मागच्या अंगणात चूल मांडली आणि वाऱ्यानं सगळा धूर आमच्या म्हातारीच्या खोलीत गेला. वाऱ्यानं गेला की तिनं चूलच तशी मांडली, हे मी विचारलं नाही. आतून खोकल्याचा आवाज आला. मग म्हातारी उठली, भिंत धरत मागच्या दारात आली, आणि कुजबुजत, अगदी कुजबुजत म्हणाली, "मराले आनलं का मले?" पलीकडून तितक्याच हळू उत्तर आलं, "मेली असती तं बरं झालं असतं, इतक्या दूरून सामान नसतं आनावं लागलं." देवळात बोलावं तशा आवाजात दोघी अंधार पडेपर्यंत बोलल्या. म्हातारीनं त्या रात्री पोटभर खाल्लं.

महिनाभरात बांगड्या कोपरावरून खाली यायला लागल्या. डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या. मॅडम म्हणाल्या, समेटाचा परिणाम दिसतोय.  पण मला समाधान नव्हतं. म्हातारी जेवत होती, कुजबुजत होती, मागच्या अंगणात होती. पुढच्या तुळतुळीत फरशीवर ती एकदाही बसली नाही. मी म्हटलं, आजी, पुढं वारा छान येतो. ती म्हणाली, "पुढं मले ढेकर द्याचा तरी इचार करा लागते, बाई. पुढचं घर पोराचं हाय. माहं मागचं." नाल्यापलीकडून ती निघाली होती आणि पहिल्या गल्लीत पोचूनही नाल्यापलीकडेच राहत होती. आणि मी तिला बरी झाली म्हणत होते.

उन्हाळा आला. पाटलांची बोअर आटली. गल्लीचा सार्वजनिक नळ कंडक्टरच्या दारासमोर होता आणि एक दिवसाआड यायचा. तिथं बायका डबे, कळश्या, ड्रम ओळीनं लावून ठेवायच्या. पाटलीणबाईंना या नळाचं कधी कामच पडलं नव्हतं. त्या दिवशी त्यांची मोलकरीण लग्नाला गेली होती, म्हणून त्या स्वतः पितळी घागर घेऊन आल्या. आमच्याकडची सून तापानं पडली होती, म्हणून पाण्यावर म्हातारी आली होती. मी तिच्याच दारात उभी होते.

पाटलीणबाई सरळ ओळीच्या पुढं गेल्या. उद्धटपणा नव्हता त्यात. ओळ नावाची गोष्ट आपल्याला लागू असते हेच त्यांना माहीत नव्हतं. बायकांनीही सवयीनं वाट दिली. नळाखाली म्हातारीचा डबा होता, अर्धा भरलेला. पाटलीणबाईंनी तो पायानं बाजूला सरकवला आणि घागर लावली.

म्हातारी वाकली. तिनं घागर दोन्ही हातांनी उचलली, ओळीच्या शेवटी नेऊन ठेवली, आणि आपला डबा पुन्हा नळाखाली लावला.

  मी ओळीतल्या बायकांचे चेहरे बघत होते. सगळ्यांना आठवत होतं की जुन्या गावात त्या घागरीला असा हात लागला असता तर काय झालं असतं. कंडक्टर ड्युटीवर निघाला होता, तो खाकी कपड्यांत दारात आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "माय, अंदर ये."

पाटलीणबाईंचा चेहरा लाल झाला. अहो-जाहो गळून पडलं. "काय वं," त्या म्हणाल्या, "माह्या घागरीले हात काहून लावला?"

म्हातारी सावकाश सरळ झाली. "काय वं," ती म्हणाली, "माह्या डब्ब्याले पाय काहून लावला?"

तिच्या तोंडून पाटलीणबाईंसाठी 'वं' कोणी ऐकलं नव्हतं, त्यात ती स्वतःही आली. क्षणभर तीच दचकलेली दिसली. पाटलीणबाई म्हणाल्या, "नळ का तुह्या बापाचा हाय?" आणि म्हातारी म्हणाली, "मंग तुह्या बापाचा हाय का? नंबर लाव." तिथून सुरू झालं. नळावरून ते अंगणातल्या धुण्यावर गेलं, धुण्यावरून सुनांवर, सुनांवरून ताकावर. "ताक पाठवत जाय तं पातळ नोको पाठवू, पानीच पाजाचं हाय तं नळ हाय आमाले," म्हातारी म्हणाली. पाटलीणबाई म्हणाल्या, "खाऊन-पिऊन वर बोलते, पाहा." बाजूच्या ओट्यावरून जुनी वैरीण मान तिरपी करून ऐकत होती. एकदा ती न राहवून ओरडली, "आवाज पडला तुहा, सटवे. मोठ्यानं बोल." आणि म्हातारी मोठ्यानं बोलली. उन्हाळ्याच्या त्या सकाळी तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. शेतातली माणसं का घरी येत असतील ते मला कळलं.

बोलता बोलता पाटलीणबाईंचा नंबर आला. घागर भरली. सगळ्यांच्या नजरा त्या घागरीवर. आता त्या पाणी ओततील, घागर चिंचेनं घासतील, मग पुन्हा भरतील. पाटलीणबाईंनी घागर उचलली, कमरेवर घेतली, जाता जाता वळून आणखी एक सुनावली, आणि घरात गेल्या. आतून रांजणात पाणी पडल्याचा आवाज आला.

कंडक्टर ड्युटीवर गेलाच नाही. दिवसभर दार लोटून बसला. पंचायत बसेल, नाही तर पोलीस येतील, नाही तर दोन्ही येतील. मीही बसले, कारण माझ्या नोकरीचं पुढं काय होणार हे मला दिसत होतं. कोणी आलं नाही. म्हातारी तेवढी पुढच्या फरशीवर पाय पसरून बसली होती आणि स्वतःशीच म्हणत होती, "मोठी तोंडाची हाय बाई. मले वाटे, गरीब हाय."

पुढच्या पाण्याच्या दिवशी मी लवकर पोचले. सून उठून कामाला लागली होती. तिनं मला आधीच सांगितलं की पाटलांकडे पहाटे टँकर येऊन गेला, रांजण-टाक्या काठोकाठ भरल्या आहेत. म्हणजे आज काही होणार नाही, असं म्हणून मी निःश्वास टाकला. म्हातारी फरशीवर भाकरी खात होती. तिचा डबा नळाखाली होता.

तेवढ्यात पाटलीणबाई आल्या. मोलकरीण मागे नव्हती. त्यांनी कमरेवरची रिकामी घागर खाली घेतली, ओळीच्या पुढं जाऊन म्हातारीचा डबा पायानं बाजूला सारला, घागर नळाखाली ठेवली. नळाला अजून पाणी आलं नव्हतं. मग त्या कमरेवर हात देऊन कंडक्टरच्या दाराकडे तोंड करून उभ्या राहिल्या. म्हातारीनं उरलेला घास घाईघाईनं तोंडात टाकला, हात धुतले, पदर खोचला. पाटलीणबाई तोवर थांबून राहिल्या.